दिसत तं काईच नाई

आमच्या गावाकडं या दुखण्याला नावं पुष्कळ होती, खरं नाव तेवढं नव्हतं. गाव उमरेडच्या पुढं, धानाच्या अन् मिरचीच्या मुलखात. लेकरू रात्री हातपाय धरून कळवळू लागलं की म्हातारे म्हणत, वात धरला. डोळे पिवळे दिसले की कावीळ ठरवून गळ्यात माळ पडे. तान्ह्या पोराच्या हातापायाची बोटं सुजली की काहीतरी चावलं असेल. आणि तेच पोर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा आडवं झालं, की मग ते 'बाहेरचं'. चार नावं, चार इलाज. आजार मात्र एकच होता, सिकलसेल.

सिकल म्हणजे इळा. धान कापायचा आपला साधा इळा. रक्तातली तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते, केसाहून बारीक नळीतूनही घसरत जाते. या आजारात तिच्यातलं हिमोग्लोबिन जन्मापासूनच वेगळं असतं. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, दमणूक झाली, की ती पेशी इळ्यासारखी वाकडी अन् कडक होते. मग बारीक नळीत अडकते. तिच्यामागं दुसरी अडकते. पाटात काटक्या अडकून पाणी तुंबावं तसं रक्त तुंबतं आणि पुढच्या हाडाला ते पोचत नाही. ती कळ ज्यानं सोसली त्यालाच ठाऊक.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींची पहिली नोंद केली. त्यांचा रोगी म्हणजे ग्रेनाडा बेटावरून दातांची डॉक्टरी शिकायला आलेला एक तरुण होता. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आणि मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तातही हा गुण आहे, हे १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे आमच्या रक्ताची गोष्ट लंडनला छापली गेली, आणि आमच्या गावात त्यानंतर कितीतरी वर्षं वातच धरत राहिला.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला हा आजार आहे. तिचं नाव इथं लिहीत नाही, भाची म्हणतो. तिच्यामुळं मी एका प्रश्नात पडलो आणि अजून त्यातून पुरता बाहेर निघालो नाही. प्रश्न साधा दिसतो. ती आजारी आहे, की ती अपंग आहे? आणि हे ठरवायचं कोणी? डॉक्टरनं, सरकारनं, गावानं, की तिनं?

गावाचं म्हणणं मला लहानपणापासून पाठ आहे. अपंग म्हणजे काय ते गावाला दिसतं. पाय नाही, डोळा नाही, हात वाकडा. आजारी म्हणजे काय तेही दिसतं. माणूस खाटेवर पडतो, मग एक तर बरा होतो नाही तर जातो. भाची दोन्हींत बसत नव्हती. काल ती काकाच्या लग्नात मांडवात नाचलेली, आज सकाळी तिला कूस बदलता येत नाही. आमच्या भाऊजींची आई म्हणायची, "काल तं चांगली नाचून राह्यली होती, आज कायनं पडली? दुखते म्हनते, पन दिसत तं काईच नाई." म्हातारीच्या मनात पाप नव्हतं. जे दिसत नाही ते मानायचं कसं, एवढाच तिचा प्रश्न होता. पण त्या एका वाक्यानं त्या पोरीचं अर्धं बालपण खाल्लं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. हजेरीपटात दोनच खुणा असतात, हजर आणि गैरहजर. आली पण बसवत नाही, बसली पण लिहवत नाही, लिहिलं पण उद्या येणार नाही, याला खूण नाही. सगळ्या जगाचाच हजेरीपट असा आहे.

आता शिकलेल्या लोकांचं म्हणणं पाहू. त्यांच्यात दोन पक्ष आहेत. डॉक्टर म्हणतात, हा शरीराचा बिघाड आहे. तो शोधायचा, त्यावर औषध द्यायचं, पुढं तो होऊ नये म्हणून बंदोबस्त करायचा. या म्हणण्याला हसू नये. फॉलिक ॲसिडची गोळी, लहानपणी पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस, मोठेपणी हायड्रॉक्सीयुरिया, यांच्यामुळं आज कितीतरी पोरं जिवंत आहेत. हायड्रॉक्सीयुरिया मुळात कर्करोगाचं औषध. ते घेतल्यावर अंगात बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं आणि कळा कमी येतात. भाचीला ते सुरू झालं तेव्हा वर्षातले किती दिवस परत मिळाले, ते अक्काला विचारावं. ती तारखा सांगेल.

दुसरा पक्ष अपंगांच्या हक्कवाल्यांचा. १९७० नंतर इंग्लंडातल्या अपंग कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ठणकावून सांगितली. माझे पाय चालत नाहीत ही माझ्या शरीराची गोष्ट. पण तुमच्या कचेरीला फक्त पायऱ्याच आहेत, ही तुमची गोष्ट. मला अडवतात त्या पायऱ्या, माझे पाय नव्हेत. मला दुरुस्त करत बसू नका, इमारत दुरुस्त करा. हा विचार पुढं जगभर गेला. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ मध्ये झाला, भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला. आपल्याकडं १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते २१ झाले, आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आले. या कामी नागपूरच्या लोकांनी पुष्कळ पाठपुरावा केला. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांनी त्यात आपली हयात घातली; २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हक्कवाल्यांचं म्हणणं ऐकलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. पण भाचीच्या खाटेजवळ बसलं की ते अपुरं पडतं. गावातल्या साऱ्या पायऱ्या काढल्या, साऱ्या कचेऱ्यांना उतार केला, सारे लोक गोड बोलू लागले, तरी रात्री दोन वाजता तिच्या मांडीच्या हाडात उठणारी कळ उठणारच. ती समाजानं घातलेली नाही. तिथं डॉक्टरच लागतो. सुझन वेन्डेल नावाच्या बाई स्वतः दीर्घ आजारानं गांजलेल्या. त्यांनी २००१ मध्ये लिहिलेल्या निबंधात अपंगांच्या चळवळीलाच हा प्रश्न घातला. त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत असा, की निरोगी अपंग आणि आजारी अपंग हे दोन वेगळे आहेत. निरोगी अपंगाला म्हणता येतं, मी आजारी नाही, मला औषध नको, वाट द्या. आजारी माणसाला वाटही हवी आणि औषधही हवं.

इथं मला वरोऱ्याचं आनंदवन आठवतं. बाबा आमट्यांनी १९४९ च्या सुमारास ते उभं केलं. कुष्ठरोगात औषधानं रोग जातो, पण झडलेली बोटं परत येत नाहीत. आजार संपतो, अपंगत्व उरतं. म्हणून कायद्यात 'कुष्ठरोगमुक्त' असा वेगळा प्रकार आहे. सिकलसेलचं उलटं आहे. आजार जन्मभर अंगात असतो आणि अपंगत्व येतं-जातं. सोमवारी आहे, गुरुवारी नाही, पुढच्या पावसात पुन्हा आहे. काहींचा खुब्याचा सांधा रक्ताविना झिजतो, मग ते कायमचं राहतं. पण बहुतेकांचं ऊन-सावलीसारखं. आणि आपल्या साऱ्या यंत्रणा कायम टिकणाऱ्या गोष्टींसाठी बनवलेल्या आहेत.

याचे परिणाम कागदावर कसे उतरतात ते पाहा. रेल्वेत सिकलसेलच्या माणसाला भाड्यात सवलत आहे, पण ती रुग्ण म्हणून, उपचाराला जाण्यासाठी. दिव्यांगांच्या सवलतीच्या रकान्यात त्याचं नाव नाही. उच्च शिक्षणात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के जागा आहेत, तिथं तो दिव्यांग म्हणून बसतो. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, पण त्या कलमाच्या यादीत रक्ताचे आजार घातलेच नाहीत. भाची एकदा फॉर्म भरता भरता हसत म्हणाली, "मामा, रेल्वेत मी पेशंट, कॉलेजात मी दिव्यांग, अन् नोकरीच्या फॉर्मात मी कोनीच नाई. मी नेमकी कोन हो?" ती हसली म्हणून आम्ही हसलो. पण हा विनोद नव्हता.

आणि ते टक्के! कळा किती आल्या, रक्त किती वेळा चढवावं लागलं, इतर काय बिघडलं, यावर गुण पडतात. यात एक मोठी गंमत आहे, तिला गंमत म्हणवत नाही. पोरीनं औषध नीट घेतलं, पाणी पिऊन राहिली, थंडीत स्वतःला जपलं, तर कळा कमी येतात. कळा कमी आल्या की टक्के कमी होतात. टक्के कमी झाले की सवलत जाते. म्हणजे जी पोरगी जिवाचं रान करून उभी राहते तिला कागद म्हणतो, तू तर बरी दिसतेस. वर हे प्रमाणपत्र कायमचं नसतं. आधी ते वर्षाचंच असे. पुढं मुदत ३ वर्षं केली, तेवढा दिलासा. जन्मभराच्या आजाराला मुदत कशाची, हा प्रश्न अक्का दर वेळी विचारते. उत्तर देणारं कोणी भेटलं नाही.

दवाखान्यातही तेच. एका दवाखान्यात, नाव घेत नाही, रात्री कळवळणाऱ्या भाचीकडं बघून ड्यूटीवरच्या माणसानं म्हटलं होतं, "हिला इंजेक्शनची सवय लागलीय." नाडी बरी, ताप नाही, हाडाचा फोटो स्वच्छ. यंत्राला काही दिसलं नाही. भाऊजींच्या आईला दिसलं नव्हतं तसंच. मला तेव्हा वाटलं, म्हातारीत आणि या शिकलेल्या माणसात फरक तो काय? दोघंही डोळ्यांनीच मानणारी.

म्हणून माझ्या मते डॉक्टरी की हक्क, हा सवाल सिकलसेलच्या माणसासाठी चुकीचा मांडला जातो. त्याला पहिल्यांदा पाहिजे तो विश्वास. 'आज दुखते' असं त्यानं म्हटलं, की ते खरं धरून पुढचं बोलणं. डॉक्टरनं खरं धरलं तर वेदना थांबवणारं औषध वेळेवर मिळेल. मास्तरनं खरं धरलं तर परीक्षेत जादा वेळ, वर्गात पाण्याची बाटली अन् लघवीला जायची मोकळीक मिळेल. मालकानं खरं धरलं तर नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढं गेल्यावर, दुपारचं काम सावलीतलं मिळेल. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला उतार लागतो. हिला पाणी लागतं, पांघरूण लागतं, रजा लागते, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात न संपणारी गोळी लागते. गोळी हीसुद्धा हक्काचीच गोष्ट आहे. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत या आजारावर जनुकाची दुरुस्ती करणारा उपचार मंजूर झाला. अमेरिकेत एका माणसाचा खर्च २२ लाख डॉलर. डॉक्टरीनं आपलं काम केलं. तो उपचार कुणापर्यंत पोचणार, हे डॉक्टरी सांगू शकत नाही. तिथं पुन्हा हक्कच लागतो.

आता सगळ्यात अवघड गोष्टीकडं येतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार नाहीसा करायचा, असं ते आहे. काम चांगलं आहे. तपासणी झाल्याशिवाय औषध सुरू होत नाही. पण 'निर्मूलन' हा शब्द देवीच्या रोगाला शोभतो, कारण देवीचा जंतू माणसाच्या बाहेरचा होता. इथं मूळ माणसाच्या आत आहे. भाचीनं भिंतीवरची सिकलसेलमुक्तीची घोषणा वाचून मला विचारलं, "मामा, हे मले मुक्त करनार हायेत, का माह्यापासून मुक्त होनार हायेत?"

मी अक्काकडं पाहिलं. अक्का कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "तू मले पाह्यजेच होती अन् पाह्यजेच हायेस. पन तुह्यं दुखनं मले कोनाच्याच लेकराले नको." मला वाटतं, या दोन वाक्यांत जे आहे ते कुठल्याही अभियानाच्या कागदात लिहून ठेवायला पाहिजे. दुखणं नको म्हणणं आणि माणूस नको म्हणणं यांत एका केसाचं अंतर आहे. ते अंतर रोज जपावं लागतं. आपोआप राहत नाही.

ते कुठं सुटतं तर लग्नाच्या बोलणीत. आमच्याकडं आता पत्रिकेबरोबर सिकलसेलचं कार्ड बघा म्हणतात. ठीक आहे. पण लोक अर्धंच ऐकतात. आई-बाप दोघंही नुसते वाहक असतील, तर दर खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. हे खरं. पण भाचीसारख्या आजारी मुलीनं ज्याच्या रक्तात हा गुण नाहीच अशा मुलाशी लग्न केलं, तर सगळी मुलं वाहक होतील, आजारी एकही होणार नाही. बाळंतपण जोखमीचं, डॉक्टरच्या देखरेखीखाली करावं लागतं, पण होतं. हे अर्धं कुणी सांगत नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हेही सांगत नाहीत. उलट हा गुण आमच्या पूर्वजांना मलेरियापासून वाचवत आला, म्हणूनच तो जंगलपट्टीच्या लोकांत टिकला. महार, तेली, कुणबी, गोंड, परधान, सगळ्यांत तो सापडतो. कुण्या जातीला नावं ठेवायचं कारण नाही. तरी कार्ड हातात आलं की काही घरांत ते रक्ताचं कार्ड राहत नाही, पोरीची किंमत ठरवायचं कार्ड होतं. भाचीचं एक स्थळ तिचं कार्ड पाहून परत गेलं. मुलाचं कार्ड कोणी काढलंच नव्हतं.

भाची शिकली, पण नोकरी लागेपर्यंत सुट्टीत गावीच असे. आषाढात रोवणी सुरू झाली की घरोघरच्या बाया टोळीनं जातात. गुडघाभर थंड चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं, वरून पाऊस. सिकलसेलला याहून वाईट काम नाही. पहिल्या वर्षी ती हट्टानं गेली आणि आठ दिवस झोपली. दुसऱ्या वर्षी टोळीतल्या एका म्हाताऱ्या मावशीनं आपणच ठरवलं. म्हणाली, "पोरी, तू बांधावर राह्य. पऱ्ह्याच्या जुड्या मोजून दे, हजेरी लिह्य, आमच्यासाठी चहा आन. ज्या दिवशी नाई होत त्या दिवशी नको येऊ. अर्ध्या रोजीचं आमी पाहून घेऊ." कोणी प्रमाणपत्र मागितलं नाही, कोणी टक्के विचारले नाहीत. शहरात ज्याला कायद्याच्या भाषेत वाजवी सोय म्हणतात, ती एका निरक्षर बाईनं चिखलात उभं राहून करून दिली होती.

मी ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे, आणि ऐकणारे खूश होतात. गाव किती चांगलं, म्हणतात. पण गोष्ट पुढंही आहे. तिसऱ्या वर्षी मावशी थकली, टोळीची मुकादमीण बदलली. नवी म्हणाली, "आमच्या टोळीत हात चालवनारी पाह्यजे." भाची घरी बसली. नवी बाईही वाईट नव्हती, तिचा ठेका होता, तिला एकर मोजून पैसे मिळत. चांगुलपणा मावशीसंगं आला आणि मावशीसंगं गेला.

म्हणून कायदा लागतो, टक्के लागतात, तो कटकटीचा कागद लागतो. कुणाच्या चांगुलपणावर आपल्या पोरीचं पोट अवलंबून राहू नये म्हणून. पण कागद करणाऱ्यांनी एकदा त्या मावशीजवळ बसावं असंही वाटतं. तिनं नाडी पाहिली नाही, फोटो काढला नाही, टक्के मोजले नाहीत. पोरगी दुखतं म्हणाली, तिनं ते ऐकलं आणि त्याप्रमाणं काम लावून दिलं.